सुट्टीच्या कागदावरून गाळलेली ओळ

एलिहिओ,

तुझ्या अंगणात येऊन ओरडून बोलायचं तर समोरची पेट्रोनिला आधी ऐकेल आणि तू शेवटी, म्हणून लिहितेय. बावीस वर्षं तुझी सगळी पत्रं मीच लिहिली, आता एक तुला. शिवाय तुझ्याबद्दल कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं, आणि ते काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही. तुला माहीत असलेलंही सांगणार आहे, कारण पुढेमागे हे इतरही वाचतील. कंटाळलास तर मधलं सोडून दे. चौथीत धडा वाचताना तेच करायचास.

माझ्या वर्गात तू गणितात दोनदा नापास झालास. समुद्रात मात्र तुझ्याइतका हुशार मुलगा मी पाहिला नाही. मोठा झाल्यावर पाहुण्यांना बुडी मारायला घेऊन जाऊ लागलास. तिशीत एकदा सर्दी असताना खाली गेलास आणि उजवा कान फुटला. डॉक्टर म्हणाले, डावाही नाजूक आहे, पुन्हा खाली गेलास तर तोही जाईल. तेव्हापासून तू काठावर. तीन खोल्या बांधल्यास, बुडी मारताना पाठीवर बांधायच्या हवेच्या टाक्या आणल्यास आणि परक्यांच्या सुट्ट्या आखायला लागलास.

सगळ्यांच्या पत्रात मागणी एकच. गर्दी नको, बोटीवरची गाणी नकोत, वाळू आणि पाणी हवं, शांत हवं. तू ओट्यावर बसून सांगायचास, मी लिहायचे. आपल्या बेटावर रस्ता किनाऱ्याला धरूनच जातो, आणि जिथून पाण्यात उतरायचं तिथे पिवळा रंगवलेला दगड असतो. कोणत्या दिवशी कोणता दगड, दुपारी कोणत्या वाळूवर सावली, सगळं तुझ्या डोक्यात.

"पहिल्या दिवशी काही नाही," असं तू नेहमी सांगायचास.

"हे काय लिहायचं? काही नाही म्हणून?"

"लिहा ना बाई. विमानातून उतरलेला माणूस आणि बाजारातून आणलेली बकरी, दोघांना एक दिवस नुसतं बसू द्यावं लागतं."

नियम एकच होता. पाण्यात जाताना चपला पिवळ्या दगडावर काढून ठेवायच्या. तू गाडीतून जाता-येता चपला मोजायचास. कुणाच्या किती वेळ दगडावर आहेत ते तुला घड्याळ न बघता कळायचं. आणि कागदाच्या तळाशी कायम एक ओळ: वारा थांबला तर पाण्यात उतरू नका.

ती ओळ मी गाळली. गेल्या ऑक्टोबरात, गेंटहून येणाऱ्या योस्ट आणि मीकेसाठी. दोघंही पासष्टीचे, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून येणारे. कागद भरला होता. आणि खरं सांगायचं तर मला ती ओळ खुळचट वाटायची. तू म्हणायचास, वारा थांबला की उलटा फिरतो आणि लाटा आपल्या पश्चिमेच्या काठावर आदळतात. पण आपला वारा पूर्वेकडून येतो. माझ्या आजीच्या वेळीही तिकडूनच यायचा. चुलीचा धूर घराबाहेर जावा म्हणून अख्ख्या बेटावर स्वयंपाकघर पश्चिमेला बांधतात. तो कुठे थांबायला बसलाय?

"त्यांनी शांतता मागितलीय आणि तू त्यांना घाबरवतोस," मी म्हटलं.

"राहू द्या ना ती ओळ."

"जागा नाही."

बाईंशी वाद घालायची तुला सवय नाही. तू सही केलीस.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासाठी मिठागराजवळचा दगड होता. तू रिंकॉनला मावशीचं छप्पर नीट करायला गेला होतास. तिथे डोंगराआड वारा आहे की नाही कळत नाही. मी चुलीवर बकरीचा रस्सा ठेवला होता. साडेनऊच्या सुमारास घरभर धूर झाला. मी खोकले, लाकडांना शिव्या घातल्या आणि मधलं दार लावून घेतलं. हॉलंडात पाच वर्षं शिकून आलेली बाई, डोळ्यांत धूर गेला तरी दार लावते!

दहाला तुझी गाडी थांबली.

"बाई! धूर घरात कसा?"

"ओली लाकडं असतील."

तू लाकडांकडे बघितलंच नाहीस. दोरीवरच्या माझ्या चादरीकडे बघितलंस. ती उलट्या बाजूला फुगली होती.

"ते दोघं कधी उतरले?"

"मला काय ठाऊक? कागदावर नऊ आहे."

"बसा गाडीत."

"रस्सा..."

"बसा म्हणतो ना!"

जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलास.

तो किनारा एरवी बशीतल्या पाण्यासारखा असतो. त्या दिवशी लाटा दगडाच्या वर येऊन रस्ता भिजवत होत्या. चपला दगडावर नव्हत्या. एक रस्त्यात पडली होती, दोन झुडपात. लाटांच्या पलीकडे दोन नारिंगी नळकांडी उभी होती, पाण्यातला माणूस दिसावा म्हणून फुगवतात ती. मी डोकी मोजली. दोन. मग एक. मग पुन्हा दोन. इथून बाहेर यायला गेले असते तर लाटेने त्यांना प्रवाळावर किसून काढलं असतं.

तू होडीवाल्या निकासिओला फोन लावलास. होडी मिळेल का?

"वारा फिरला म्हणून सगळ्या आत्ताच खाडीत नेल्या रे," त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "फेरा मारून यायला तास लागेल."

"मीकेकडे तास नाही," तू म्हणालास आणि गाडीच्या मागे जाऊन दोन टाक्या काढल्यास.

"तू नाही जायचंस."

"मग कोण, तुम्ही?"

"एलिहिओ, तुझा कान!"

"बाई, आयुष्यभर तुमचंच ऐकलंय त्याने. आता द्या त्याला सुट्टी." आणि हसलास, मूर्खा. पट्टे आवळत एवढंच सांगितलंस, "मिठाच्या धक्क्यावर शिडी आहे, तिथून बाहेर काढतो. चपला घेऊन या. लोखंड तापलेलं असेल, ते अनवाणी येतील."

तू धक्क्याच्या शिडीवरून उतरलास. मी तीन चपला छातीशी धरून वर उभी राहिले. चौथी सापडली नाही. तू पोहत त्यांच्यापर्यंत गेलास ते दिसलं. तू मीकेचा दंड धरलेला दिसला. मग तुझा हात वर आला, अंगठा खाली. वर लाटा मारत होत्या, म्हणून तू त्यांना तळाशी नेऊन खालून आणणार होतास. तिन्ही डोकी गेली. नारिंगी नळकांडीही गेली.

मग समुद्रावर कुणीच नव्हतं.

मी घड्याळ बघत होते. सहा मिनिटं. अकरा. मीकेच्या टाकीत काही उरलेलं नसणार, ती तुझ्या टाकीतली हवा ओढत असणार, हे मला कळत होतं. चौदा. मी देवाशी कधीच फार बोलत नाही. त्या दिवशीही नाही बोलले, नुसत्या चपला मोजत राहिले. तीन. तीन. सतराव्या मिनिटाला शिडीच्या खालच्या पायरीवर एक हात आला, सुरकुतलेला, अंगठीचा. मीके. दुसरा हात खांद्यातून लोंबत होता. तिच्यामागे योस्ट, ओकत, रडत. मग बराच वेळ कुणी नाही. योस्ट शिडीवर बसूनच खाली ओरडत होता.

मग तू. डाव्या कानातून मानेपर्यंत रक्त.

"गाढवा," मी म्हटलं, "कुठे राहिलास?"

तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलास.

नोव्हेंबरात योस्टचं पत्र आलं. मीकेचा खांदा बरा आहे, पुढच्या वर्षी पुन्हा यायचंय, कागद पाठवा. तू माझ्यापुढे कोरा कागद ठेवलास आणि आता बोलतोस तसं, गल्ली ऐकेल इतक्या मोठ्याने म्हणालास, "लिहा बाई. चूक माझी होती. वाऱ्याचं मी सांगायला हवं होतं. सही माझी होती ना?"

मी पेन उघडलं. पेट्रोनिला दारात उभी होती.

"उद्या लिहू," मी म्हटलं. तू माझ्या ओठांवरून ते वाचलंस आणि मान हलवलीस.

आज मार्चची नऊ तारीख. पाकिटावर गेंटचा पत्ता घातलाय, तिकीटही लावलंय. आत काही नाही.