दवाखान्यातला अनंत

दवाखान्यात दोन गोष्टी न मागता साठतात. रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या निदान धुऊन परत वापरता येतात, किस्से डोक्यात तसेच खुळखुळत राहतात. एकोणीसशे पस्तीस-छत्तीसच्या सुमाराला मी बारामतीत कंपाउंडर होतो, तेव्हाचे हे. आणि गंमत म्हणजे सगळे एकाच पेशंटचे!

पेशंट म्हणजे घासलेटच्या डब्यात लावलेलं अनंताचं झाड. आमच्या डॉक्टरांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मालवणात आईच्या दारी असलेल्या झाडाची फांदी आणून ते लावलं होतं. पुढं आई अंथरुणाला खिळल्याचं पत्र आलं आणि वहिनी माहेरी गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "माझ्या माघारी याला सांभाळा."

घरी आपण विसरू, म्हणून डॉक्टरांनी डबा दवाखान्यात आणला आणि आपल्या टेबलाशेजारच्या खिडकीत ठेवला.

*

पंधरा दिवसांत पानं गळायला लागली. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"पाणी तर सकाळ, दुपार, संध्याकाळ घालतोय हो!"

मी मान खाली घातली. डॉक्टरांच्या ध्यानात राहायचं नाही असं धरून मीही रोज एक तांब्या ओतत होतो. ते कबूल केलं, तर दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या आमच्या गंगूबाई दाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं बया! मंजी तुमीबी घालताय व्हय? मग मी रोज कशापाई हंडा आनतीया?"

डॉक्टर खुर्चीत बसले. "म्हणजे आपण तिघांनी मिळून याला बुडवलं!"

*

त्याच आठवड्यात पणदऱ्याचे तुकातात्या थंडीतापानं कुडकुडत आले. उसात आणि भाजीपाल्यात हयात गेलेला माणूस. डॉक्टरांनी त्यांची नाडी धरली, तर तात्यांनी मोकळ्या हातानं डब्यातली माती उकरून नाकाला लावली.

"डॉक्टर, ह्याचं पाय कुजल्यात."

"तात्या, तुम्हाला एकशे दोन ताप आहे."

"माजं ऱ्हाऊ द्या. माजा ताप उद्या उतरंल, ह्ये उद्या न्हाय ऱ्हायाचं. डब्याला भोक कुठं हाय?"

भोक नव्हतंच!

तात्यांनी खिळा मागितला. हातोडी नव्हती, तर माझ्या खलातला बत्ता घेतला. घोंगडी पांघरूनच ओसरीवर बसले आणि डब्याच्या बुडाला पाच भोकं पाडली. कुजकी मुळं छाटली, चिकट काळी माती फेकून दिली. गंगूबाईंना पिटाळून कऱ्हेची वाळू आणि कुजलेला पालापाचोळा आणवला आणि झाड परत बसवलं. सगळं झाल्यावर बोट उगारून म्हणाले, "आता आठ दिस ह्याला कुनी पानी दावायचं न्हाय. डॉक्टरनं तर न्हायच न्हाय!"

मग भिंतीला धरून उठले. "हां. आता द्या माजं औषिद."

*

झाड जगलं. नवी पानंही आली, पण पिवळीफटक. नुसत्या शिरा हिरव्या.

तेव्हा जवळच्या कन्हेरी गावची सरूबाई आमच्याकडं यायची. तिसऱ्या बाळंतपणानंतर अंगात रक्त राहिलं नव्हतं, चार पावलं चालली की धाप लागायची. पण लोखंडाचं मिक्स्चर काही केल्या घेत नव्हती. "खिळं चाटल्यागत लागतंय!" म्हणायची. डॉक्टर रोज विनवायचे.

एकदा त्यांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाले, "बघ, आत कशी पांढरी पडलीय."

सरूबाईनं खिडकीकडं बोट केलं. "आन् त्याला काय झालंय? त्याचं त्वांडबी माज्यावानीच हाय की!"

डॉक्टर हसले नाहीत. उठले, एक पान उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "हिराकस काढा, हिच्या लोखंडाच्या मिक्स्चरमधला. चिमूटभर, बादलीभर पाण्यात."

सरूबाई बघतच राहिली. "त्येबी लोखंडच पितंय व्हय?"

"तेच. आणि तोंड वाकडं न करता!"

त्या दिवशी सरूबाईनं माझ्यासमोर पहिला डोस घेतला. पुढं दर आठवड्याला आली की आधी झाडापाशी जायची, मग स्वतःची पापणी ओढून मला दाखवायची. "कोन फुडं हाय, सांगा!"

महिन्याभरानं सांगणं कठीण झालं. दोघंही टवटवीत!

*

मधेच वहिनींचं पत्र आलं. आईचं काही खरं नाही, असं लिहून खाली एक ओळ होती, "अनंत कसा आहे? खरं सांगा."

डॉक्टरांनी टपालानं उत्तर न पाठवता तारच केली. "अनंत आउट ऑफ डेंजर."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमास्तर स्वतः दवाखान्यात हजर, हातात खडीसाखरेचा पुडा. "साहेब, परमेश्वरानं लाज राखली. धाकटे बंधू का?"

"कोण?"

"अनंतराव!"

डॉक्टर क्षणभर गोंधळले, मग खिडकीकडं हात केला. पोस्टमास्तरांनी झाडाकडं पाहिलं, पुड्याकडं पाहिलं, आणि पुडा मुकाट्यानं डब्याशेजारी ठेवला. "देवापुढं नारळ फोडून आलोय हो!" म्हणाले.

*

पुढं वहिनींची आई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर भाऊ त्यांना पोचवायला आला. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई गेल्यापासून ताई रडलेली नाही. एक टिपूस नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दवाखान्यात आल्या. आत जातील म्हणून मी दार उघडून धरलं, तर त्या बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बसल्या.

"माझा नंबर कितवा?"

पुढं सहा जण होते. सगळे म्हणाले, तुम्ही आधी जा. वहिनींनी मान हलवली आणि थांबल्या.

त्यांचा नंबर आला. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते. सवयीनं, वर न बघताच त्यांनी विचारलं, "काय होतंय?"

शेजारी खिडकीत अनंताचं पहिलं फूल उमललं होतं. एकच.

वहिनी म्हणाल्या, "आईच्या केसांचा वास येतोय."

डॉक्टरांच्या हातातली लेखणी खाली पडली. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आतून हुंदका ऐकू आला, मग मोठ्यानं रडणं. बाकावरचे सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"डॉक्टर जेवायला बसलेत," मी म्हणालो.

सकाळचे नऊ वाजले होते.

सरूबाईनं मांडीवरचं पोर सारखं केलं आणि भिंतीला टेकून बसली. "जेवू द्या निवांत. आमाला कुठं घाई हाय!"