बिनआवाजाचं बोलणं

माझे कान पन्नाशीच्या आतच गेले. आधी वर्गातल्या मागच्या बाकावरची पोरं ऐकू येईनाशी झाली, मग पुढच्या बाकावरची, आणि शेवटी नाचणगावची मास्तरकी सोडून मी पिपरी मेघे गावातल्या आमच्या घरी येऊन बसलो. कानात घालायचं मशीन काही दिवस चाललं, पुढे त्याचाही उपयोग होईना.

बायको सुरुवातीला ओरडून बोलायची. आमच्याकडे आज भाजी कोणती, हे अख्ख्या गल्लीला कळायचं, एक मला सोडून. शेवटी तिचा घसा असा बसला की डॉक्टरांनी ओरडणंच बंद करायला सांगितलं. तोवर मी ओठ वाचायला शिकलो होतो. मग तिनं माझ्याशी बोलताना आवाज काढणं सोडलं. समोर उभी राहायची आणि नुसते ओठ हलवायची. आवाज माझ्या कामाचा नव्हताच, तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. उलट आलेल्या पाहुण्याची टर त्याच्या पाठीमागे उभं राहून उडवता यायची, याची आम्हाला मजाच होती.

पण नुसत्या ओठांनी माणूस कामापुरतंच बोलतो. जेवता का, गोळी घेतली का, गॅस आला. चारचौघं बसून हसली आणि मी काय झालं विचारलं, की ती म्हणायची, "मंग सांगतो." आणि मग राहूनच जायचं.

नागपूरच्या डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांटचं पहिलं मशीन चालेना तेव्हाच सुचवलं होतं. कानामागचं हाड कोरून आत तार कशी बसवतात, हे त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं आणि मी घाबरून घरी परत आलो. पुढच्या वर्षी बघू, पुढच्या वर्षी बघू, असं करत मी वर्षं घालवली. मुलगी रडली, भांडली, तेव्हा कुठे गेल्या वर्षी टेबलावर झोपलो. त्या घालवलेल्या वर्षांचं मला आता फार वाईट वाटतं.

ऑपरेशनची जखम भरल्यावर मशीन सुरू केलं, तेव्हा सगळेच पत्र्याच्या डब्यातून बोलत होते. सवयीनं सुधारेल, घरी कुणीतरी तोंड झाकून रोज वाचून दाखवत जा, असं मशीन लावून देणाऱ्या दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं. तेव्हापासून बायको तोंडापुढे पेपर धरून मला बातम्या वाचून दाखवते. हळूहळू शब्द लागायला लागले. कुकरची शिट्टी कळली, दूधवाला कळला. पण पेपर वाचून झाला की ती त्याची घडी करायची, माझ्याकडे बघायची आणि पुन्हा नुसते ओठ हलवायची.

"अवं, आता आयकू येते मले. आवाजानं बोल ना."

ती हसून 'हो' म्हणायची. ते 'हो'सुद्धा बिनआवाजाचं.

परवा मी पुढच्या खोलीत बसलो होतो आणि ती मागच्या दारी शेजारणीशी बोलत होती. सगळं लागलं नाही, पण पुरेसं लागलं. "रातभर गुडघा ठणकते माय. पायऱ्या उतराच्या म्हटल्या का जीवावर येते." मग दोघी कशावर तरी खूप हसल्या. किती बोलत होती ती! तिचा गुडघा दुखतो, हे मला माहीतच नव्हतं.

ती आत आल्यावर मी विचारलं, "गुडघा दुखते तं मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले काय काय सांगू?" ती म्हणाली, चक्क आवाजानं.

"सगळं सांग. बस अशी."

ती पलंगाच्या कडेला बसली आणि सांगायला लागली. दिवाळीपासून दुखतो, तेल लावून पाहिलं, शेक दिला. मी कान देऊन ऐकत होतो. चारदोन वाक्यं झाली, आणि माझ्या तोंडाकडे बघता बघता तिचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला. मी कानामागं हात लावून पाहिलं. मशीन सुरू होतं, पंख्याची घरघर ऐकू येत होती. आपला आवाज गेलाय हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. ती मनापासून सांगत होती, आणि मी तिचे ओठ वाचत बसलो.