आईची शाल आणि सुके बोंबील

मित्र दोनच असले तरी किस्से पोतंभर साठतात. आमचे तर सरहद्दीपलीकडेही आले!

वर्षापूर्वी आम्ही पनवेल सोडून नेपाळातल्या या लहानशा डोंगरगावात राहायला आलो. पन्नाशीतच मी बंदरावरची नोकरी सोडली. कारण एकच, बायकोचा, सुषमाचा दमा. धुळीने तिला धड एक वाक्य पुरं करता येईना. इथली हवा चांगली आणि भाडं परवडणारं.

*

पनवेलच्या इक्बालभाईंचं गाड्यांच्या पार्ट्सचं दुकान. घरी आले की ऑइलचे हात खुशाल आमच्या टॉवेलला पुसायचे. सुषमा सुरू व्हायची, "भाई, किती वेळा सांगितलं..." की लागली धाप! भाई धावत तिचा दम्याचा पंप आणून द्यायचे आणि म्हणायचे, "भाभी, बाकीचं उद्या!"

*

मासळीशिवाय घास न उतरणारे उरणचे हरीभाऊ बंदरावर माझ्यासोबत होते. आमचं जायचं ऐकून ते हादरलेच.

"डोंगरान म्हावरा गावनार नाय! तुमी जगनार कशे?"

सुषमा म्हणाली, "श्वास घेऊन!"

*

इक्बालभाईंनी दोन दिवस दुकान बंद ठेवून आमचं सामान बांधलं. म्हणाले, "मी बीस साल गल्फमध्ये काढली. बायको फक्त फोनवर! तू सोबत घेऊन चाललास. शुक्र कर!"

तेव्हापासून रोज देवाचे आभार मानतो. असे मित्र मिळाले, त्याचेही मानतो.

*

इथल्या घरमालकीणबाईंनी विचारलं, "रिटायर होऊन दिवसभर काय करता?" मी ऐटीत म्हटलं, "काही नाही!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी मक्याची कणसं भरलेली टोपली सोलायला माझ्यापुढे ठेवली. रिकामा माणूस सगळीकडे लगेच ओळखू येतो!

*

परवा पनवेलहून एका ओळखीच्याबरोबर पार्सल आलं. सुषमाच्या आईची शाल तिकडेच राहिली होती. हरीभाऊंनी सुके बोंबील दिले होते आणि ते मोडू नयेत म्हणून इक्बालभाईंनी शालीत गुंडाळले होते!

बसस्टँडवरच पार्सल उघडलं. वासाने भोवती कुत्री जमली. सुषमाने तिथूनच भाईंना फोन लावला आणि घराच्या पायऱ्या चढता चढता सुरू झाली. आईची शाल, पनवेलचे टॉवेल, पडद्यावरचे काळे डाग, काही म्हणून सोडलं नाही. चाळीस पायऱ्या संपल्या, दार आलं, तरी तोंड चालूच, मध्ये एकदाही धाप नाही.



तिचं संपल्यावर पलीकडून भाई म्हणाले, "भाभी, थांबा. हरीभाऊंनाही फोनवर घेतो. पुन्हा पहिल्यापासून बोला!"