डाव्या कळ्याची साक्ष

जिच्या तळीचे पाणी जन्मभर तीर्थ म्हणून प्राशन केले, त्या ग्रामदेवतेला साष्टांग नमस्कार करून, आणि तिने दिलेल्या कौलाला या नवरात्रात वर्ष पूर्ण होत आहे हे निमित्त धरून, चार शब्द लिहितो.

आमच्या भाऊबंदांचा सामाईक सडा, म्हणजे कातळाचे पठार, गावाच्या डोक्यावर आहे. परक्याला तो नुसता काळा कातळ दिसतो. परंतु त्याच्या भेगांतून मुरलेले पाणीच खाली देवीच्या तळीत उतरते आणि वैशाखातही सारा गाव त्यावर तगतो. गेल्या वर्षी स्मार्टफोनच्या पडद्यांची काच तयार करणाऱ्या एका कंपनीची दृष्टी कारखान्यासाठी या सड्यावर पडली. तिचा मध्यस्थ माझ्या ओटीवर येऊन बसला. पादत्राणे काढण्याचे त्याला सुचले नाही.

"काका, ह्या कातळावर उगवतं तरी काय?"

"पाणी," मी म्हणालो.

तो हसला. "मग उत्तमच. पाणी आम्हालाही लागणारच."

कंपनी कोणाची, असे मी विचारले. फोन विकणारे वेगळे, त्यांना आम्ही काच पुरवणार, आणि भांडवल घालणारे आणखी वेगळे, परदेशातले, असे तो अभिमानाने सांगू लागला. उद्या तळी आटली तर आम्ही यांतल्या कोणाच्या दारात उभे राहायचे, या प्रश्नावर त्याने हातातला फोन चाळायला घेतला. ज्या उद्योगात प्रत्येकाच्या मागे दुसरा कोणी दडलेला असतो, त्याच्याविषयी माझ्या मनात तेव्हापासून जी अढी बसली, ती आजही सुटलेली नाही आणि सुटावी अशी इच्छाही नाही.

सड्याविषयीचा निर्णय कौलाशिवाय घ्यायचा नाही, ही आमची रीत. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या, म्हणजे कळे, लावतो. देवीच्या उजव्या अंगाचा आधी पडला तर होकार, डाव्या अंगाचा पडला तर नकार. मुंबईचे भाऊबंद म्हणाले, "आम्हाला यायला जमणार नाही. कौलाचा व्हिडिओ पाठवा, त्याप्रमाणे संमती देतो." ते काम माझ्या पुतण्याने अंगावर घेतले.

मी गाऱ्हाणे घातले आणि डोळे मिटले. घंटा वाजत होती. डोळे उघडले तेव्हा डावा कळा खाली पडलेला होता. गुरव माझ्या कानाशी लागून म्हणाला, "डावा दिलान, अण्णा. आता परत इचारायचं न्हाय." मी दंडवत घातले आणि निश्चिंत मनाने घरी आलो.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थ पेढे घेऊन आला. मुंबईच्या सर्वांनी फोनवर बोट फिरवून संमती दिली होती. मी धाकट्या भावाला फोन लावला.

"देवीने नकार दिला असता तुम्ही संमती दिलीत कशी?"

"नकार? अण्णा, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. उजवा पडला."

पुतण्याला बोलावून मी तो व्हिडिओ पाहिला. पडद्यावर प्रथम त्याचाच चेहरा होता, मागे देवी. स्वतःची छबीही यावी म्हणून हा देवीकडे पाठ करून उभा राहिला होता. कळा खरोखर देवीच्या उजव्या अंगाचा पडताना दिसत होता. मात्र पडला तो समईपासून दूर; आणि आमच्या गाभाऱ्यात समई देवीच्या उजव्या अंगालाच असते. आरशात दिसावे तसे सारे उलटे उमटले होते. गुरवाचा शब्द घंटानादात बुडाला होता.

"पुढच्या कॅमेऱ्याने काढला की असं होतं कधी कधी," पुतण्या मान खाली घालून म्हणाला. "मला तरी पडद्यावर उजवाच दिसला, अण्णा."

"मागे वळून पाहिले असतेस तर?"

त्याला फार बोलणे मलाही शोभत नव्हते. देवीकडे पाठ करून उभा राहताना त्याला मी पाहिले होते आणि, पोरांचे असेच चालायचे, म्हणून डोळे मिटून घेतले होते.

मध्यस्थाला मात्र यात अडचण दिसली नाही. "पुन्हा लावू ना कौल. चांगला कॅमेरा आणतो."

"दिलेला कौल पुन्हा विचारीत नाहीत."

"मग सोडा तो विषय. बाकी सगळ्यांचं झालंय. तुमचं एकट्याचं बोट फिरलं की काम पुरं." त्याने फोन माझ्यापुढे धरला. काळ्या काचेत मला माझाच चेहरा दिसला. मी हात पंच्याखाली घेतले.

त्यानंतर तो पाच वेळा आला. मुंबईकर पूर्वीसारखे बोलत नाहीत. "अण्णांनी सगळ्यांचं अडवलंय" असे म्हणतात. दिलेली संमती मागे घ्यायला कोणी तयार नाही. कंपनीला सडा अखंड हवा आहे, आणि माझी सही नसल्यामुळे तो अजून आमचा आहे. हे बळ किती दिवसांचे, ते माझे वय जाणते. माझ्यामागे माझ्या मुलीपुढे हाच फोन धरला जाईल आणि तोच व्हिडिओ दाखवला जाईल. म्हणून हे कागदावर, शाईने लिहून ठेवीत आहे: मी समोर उभा होतो, कळा डावा पडला. या कागदावर गुरवानेही अंगठा उठवला आहे.

वाचकहो, तुमच्या गावची तळी वैशाखातही भरलेली राहो, देवघरातली समई आपल्या जागी तेवत राहो, आणि तुमच्या घरातील लहानथोर सर्वांना ती माउली सुखात ठेवो.