भाऊजींची आरशातली मिल

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतकं मला चारचौघांत शरमेनं पाणीपाणी करणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढे होईल असंही वाटत नाही.

भाऊजी कॅड कन्सल्टंट होते. गोंदियात कॉम्प्युटर म्हणजे रेल्वेचं रिझर्व्हेशन नाहीतर छापील कुंडली, एवढीच लोकांची समजूत होती, त्या काळात या गृहस्थांनी फुलचूरच्या घरात, समोरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बाहेर तशी पाटी लावली. जाणारा-येणारा विचारायचा, "हे काय असते जी?" भाऊजी प्रत्येकाला आत बोलवत. "इमारत बांधाच्या आधी मी तिले कॉम्प्युटरात उभी करतो. मंग तुमी तिच्यात फिरून पाहा." एका म्हाताऱ्यानं खरंच दारात चपला काढल्या होत्या.

शर्टाच्या खिशात पेन नसलं तरी चालेल, पण मोजमापाचा टेप हवाच. लग्नाला गेले की आधी मांडवाचे बांबू तपासणार, मग नवरदेवाला भेटणार. माझ्या साक्षगंधाच्या दिवशी तर कहर केला. पोह्यांची बशी हातात, समोर माझे होणारे सासरे, आणि हे दाराकडे बघत म्हणतात, "काऊन जी, हे चौकट काटकोनात काऊन नाही? भिंत एका अंगावर झुकून राहिली." सासरे म्हणाले, दार वडिलांच्या हातचं आहे. "तरीच!" भाऊजी म्हणाले. धरणीनं पोटात घ्यावं असं मला तेव्हा झालं, आणि बायको आजही तो "तरीच" ऐकवते.

तोंडातून वावगा शब्द गेला की ते डाव्या हाताची दोन बोटं टेबलावर दाबत. कॉम्प्युटरच्या दोन बटणांवर तसं केलं की म्हणे केलेली चूक पुसली जाते. ताई चिडून म्हणायची, "माह्या कानात गेला ना तो, आता कसा वापस घेता जी?"

कुडव्याला माझं हार्डवेअरचं दुकान. नटबोल्ट घ्यायला राइस मिलवाले यायचे. मन घट्ट करून मी त्यांच्यातल्या एकाला भाऊजींचं नाव सांगितलं. खोटं कशाला बोलू, ते काम फार सुंदर झालं. हमालांना धानाची पोती उगाच फिरवून न्यावी लागत होती. भाऊजींनी पडद्यावर मशिनी इकडच्या तिकडे सरकवून तो फेरा वाचवला. मिलवाला खूश, भाऊजी तर हवेत. "आता अजून एक मोठं काम बराबर झालं का, जिल्ह्यातली हर मिल माह्याच कॉम्प्युटरातून जाते का नाही पाहा." ताईनं लोकांचे ब्लाउज शिवायचं काम बंद करायचं ठरवून टाकलं.

ते मोठं काम आलं. एका शेठला नवी मिल बांधायची होती; जागा पहिल्या मिलसारखीच, फक्त फाटक उलट्या बाजूला. भाऊजींनी जुना नकाशा घेतला आणि आरशात दिसावा तसा अख्खा उलटा केला. कॉम्प्युटरात हे एका क्षणात होतं. त्यावरून मिस्त्रीनं मशिनीचे सिमेंटचे ओटे बांधले, बोल्ट गाडले. पूजेच्या दिवशी मांडव, नारळ, शेठाणीच्या हातात आरती, गावभरचे मिलवाले. चेनपुलीनं मशीन ओट्यावर उतरवली, आणि तांदूळ बाहेर पडायचं तोंड गेलं थेट भिंतीत! नकाशा आरशात उलटतो. कारखान्यातून आलेली मशीन कशी उलटणार? तिचं तोंड असतं तिकडंच असतं.

शेठ मिस्त्रीवर धावला. "अंधा है क्या? किसने बोला था ऐसा बनाने को?" मिस्त्रीनं मान खाली घातली. सगळं त्याच्यावर जाणार हे दिसत होतं आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होतो. तेवढ्यात भाऊजी पुढे झाले.

"त्याले काही बोलू नका, शेठ. त्यानं नकाशाबरहुकूम बांधलं. नकाशा मी चुकवला."

अरे, पण कोणी विचारलं होतं? रागानं आणि लाजेनं मी मशीन आणलेल्या ट्रकच्या आडोशाला गेलो. शेठ म्हणाला, "वाह, कम्प्यूटरवाले साहब! अब मशीन भी पलटा के दिखाओ." सगळा मांडव हसला. भाऊजी तसेच उभे. त्यांची डाव्या हाताची दोन बोटं पँटच्या शिवणीवर दाबली जात होती, पुन्हा पुन्हा.

नंतर एकही मिलवाला फुलचूरला फिरकला नाही. ताईची शिलाई परत सुरू झाली. भाऊजी नागपूरला कुठल्याशा मोठ्या ऑफिसात लागले. तिथं हे रेघा काढतात, दुसरा तपासतो, तिसरा सही करतो.

गेल्या दिवाळीत ते माझ्याकडे आले. दुकानावर मी राहायला मजला चढवलाय, पण जिन्याची वरची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच झाली. येणारा प्रत्येक जण तिथं ठेचकाळतो. भाऊजीही ठेचकाळले, कठडा धरून सावरले. घर पाहुण्यांनी भरलेलं, सासरेही बसलेले. आता हे बोलणार आणि माझी इज्जत जाणार, म्हणून मी वाट पाहत राहिलो. खरं सांगतो, फार आशेनं वाट पाहत राहिलो. शेवटी न राहवून मीच विचारलं, "भाऊजी, जिना चुकला ना जी?"

त्यांनी पायरीकडे पाहिलं, मग सगळ्या पाहुण्यांकडे.

"नाही बाबू," ते हळूच म्हणाले, "चांगला जमला."