साडूंचा वाऱ्यावर विश्वास नाही

या जगात सर्वांत जास्त खोटे कोण बोलतो, असे आमच्या साडूंना विचारा. पुढारी नाही, वकीलही नाही. समुद्रातल्या वादळाचा वेग सांगणारा माणूस, असे ते छातीठोक सांगतील. यवतमाळहून समुद्र कुठल्याही दिशेला इतका लांब, की वादळ आमच्यापर्यंत येता येता त्याचे नुसते ढगाळ हवामान झालेले असते. तरी बंगालच्या उपसागरात जरा काही घोंगावले, की पहिला फोन मला. मी बहुधा दाढीला साबण लावलेला असतो.

"भाऊ, टीव्ही लावा! ताशी एकशेऐंशीचा वारा म्हणून राह्यला तो. मोजला कोनं? झोत का सरासरी? सरासरी असन, तर किती मिनिटांची?"

मी काय सांगणार, कपाळ!

साडू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांचा मुलगा निखिल मालवाहू जहाजावर अधिकारी म्हणून लागला आणि तेव्हापासून हे खूळ आमच्या मानगुटीवर बसले. किनाऱ्यावरचे वारा मोजायचे यंत्र ऐन वेळी मोडते, मग उपग्रहाच्या चित्रावरून अंदाज बांधतात. जहाजावरचे यंत्र डोलकाठीवर, तिथे वारा जास्तच लागणार. शिवाय जहाज स्वतः पळत असते, तो वेग वजा केला का? माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांना त्यांनी हे सगळे समजावले. व्याह्यांच्या ताटातले वरण गार होऊन त्यावर साय धरली, पण जहाजाचा वेग काही वजा होईना.

एकदा उन्हाळी वावटळीत लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडचे पत्रे उडाले. पेपरात वाऱ्याचा वेग छापून आला आणि भर मे महिन्याच्या दुपारी साडू माझ्या स्कूटरवर मागे बसले. तिथे पोचल्यावर पत्र्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. शेजारच्या कडुनिंबाला प्रदक्षिणा घातली आणि शेडच्या मालकासमोरच निकाल दिला, "फांदी एक मोडली नाही. वारा कायचा, भाऊ? नट ढिले होते!" मालकाचा चेहरा पाहून मी स्कूटरला किक मारली.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी असेच वादळ आले आणि या खेपेला निखिलचे जहाज त्याच्या वाटेवर होते. आम्ही दोघे नवरा-बायको सकाळीच साडूंकडे गेलो. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, देवघरासमोरून उठत नव्हत्या. साडू टीव्हीवरच्या प्रत्येक आकड्याशी भांडत होते. दुपारी निखिलचा फोन लागला. आवाज तुटत होता.

"बाहेर काय दिसून राह्यलं रे, बाबू?" ताईंनी विचारले.

"काईच नाही, आई. नुसता फेस. हवेतच पाणी आहे."

"वारा किती?" साडूंनी विचारले.

"पस्तीस नॉट, बाबा. जास्त नाही." आणि फोन कटला.

इतकी वर्षे कान किटल्यामुळे मलाही आता कळत होते. पस्तीस नॉटला, म्हणजे ताशी पासष्टेक किलोमीटरला, पाण्यावर फेसाचे पट्टे ओढले जातात, लाटा नीट दिसतात. हवा कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते हे दिसेनासे झाले, तर आकडा जवळजवळ दुप्पट. साडूंना हे कळले नसेल? त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"बरोबर हाय," ते ताईंना म्हणाले. "पस्तीसमधी एवढ्या मोठ्या जहाजाले काई होत नाही. तू चहा टाक."

कोणी मोजला, कुठे मोजला, एक प्रश्न नाही. त्यांच्या प्रश्नांना मी जन्मभर वैतागलो, पण त्या दुपारी त्यांनी एखादा तरी विचारावा, असे मला फार वाटले.

जहाज सुखरूप बंदराला लागले. पुढे निखिल सुट्टीवर आला, तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. दोन घास झाल्यावर तो हळूच म्हणाला, "बाबा, त्या दिवशी वारा..."

"जेव तू आधी," साडू म्हणाले आणि पोळीवर तूप वाढू लागले.