टेपमधली रीडर

ऑडिशनची टेप मी अर्धवट पाठवली. माझे संवाद त्यात सगळे होते, पण समोरच्या पात्राचे भरायचे राहिले होते, आणि तशीच ती कास्टिंगवाल्यांकडे गेली. चूक माझी. नेटवर्कची नाही, फोनची नाही, ग्रहांची तर नाहीच नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की हा मनुष्य काहीतरी रचून सांगतोय. रचता आलं असतं तर मी लेखक झालो असतो, नट कशाला? खरं सांगायचं तर या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आलो. पांढरी साडी, पैंजण, मागे वळून पाहिलं तर कोणी नाही... मी बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं हसायचो. आता माझी पाळी आहे. हसा.

मी हैदराबादचा. आजोबांच्या काळात आम्ही परभणीकडून इथे आलो आणि इथलेच झालो. बेचाळिसाव्या वर्षी सॉफ्टवेअरमधली बरी नोकरी सोडून मी पूर्णवेळ अभिनय करायचा निर्णय घेतला. 'निर्णय' हा माझा शब्द. मंजिरीचा, म्हणजे बायकोचा, शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. ती पुण्याची आहे, मोजकं बोलते.

दोन वर्षांत जे शिकलो ते सांगतो. फोटो काढून घ्या, ते जुने होतात. कोऑर्डिनेटरला फोन करा, तो उचलत नाही. तेलुगू मालिकांत मला काम मिळालं ते बहुधा सावकार शेठजीचं. तेलुगू मला घरच्यासारखी येत असूनही दिग्दर्शक म्हणायचे, जरा मोडकी बोला, शेठजी वाटत नाही. एका मालिकेत तर मी हार घातलेला फोटो आहे. नायिकेचे दिवंगत वडील. ती माझी सगळ्यात जास्त चाललेली भूमिका, अजून रोज संध्याकाळी असतो मी भिंतीवर. वरच्या मजल्यावरच्या लक्ष्मी आंटी एकदा मला लिफ्टमध्ये बघून "अय्यो!" म्हणून दोन पावलं मागे सरल्या होत्या.

तर अशा वेळी दोन गोष्टी एकदम आल्या. जुन्या कंपनीतून निरोप आला की परत येत असशील तर जागा आहे, पुढच्या शुक्रवारपर्यंत कळव. आणि त्याच आठवड्यात एका वेबसिरीजची ऑडिशन आली — हैदराबादेत राहणारा मराठी बाप, हट्टी, मुलीने परस्पर लग्न केलं म्हणून वर्षानुवर्षं न बोललेला, आणि आता तिच्या दारात येऊन उभा राहिलेला. खरी भूमिका! चालतं-बोलतं माणूस! बिनहाराचं!

मंजिरी म्हणाली, "ही कर. मनापासून कर. आणि नाही झालं तर शुक्रवारी कंपनीला हो म्हण. मी एकटी किती ओढू?"

यात तिचं काहीच चुकत नव्हतं. 

हल्ली पहिली ऑडिशन घरून पाठवायची असते, मोबाइलवर शूट करून. तिला सेल्फ-टेप म्हणतात. कॅमेऱ्याच्या शेजारी कोणीतरी बसून समोरच्या पात्राची वाक्यं वाचतो, तो रीडर. चांगला रीडर मिळणं हे चांगली बायको मिळण्याइतकंच अवघड, असं मी मंजिरीसमोर म्हणालो आणि तिथेच एक रीडर गमावला. आमची मुलगी ईरा तयार झाली, पण तिचं मराठी वाचन म्हणजे प्रत्येक जोडाक्षरापाशी स्पीडब्रेकर. "बाबा, धिस वर्ड इज टू लाँग" असं वाक्य आमच्या भावुक सीनमध्ये तीनदा आलं. वर पाण्याच्या मोटारीचा आवाज, खाली भाजीवाला.

मग मला कल्पना सुचली, आणि मला कल्पना सुचते तेव्हा घरचे घाबरतात. एकट्यानेच शूट करायचं! मुलीच्या वाक्यांसाठी मध्ये मोकळी जागा सोडायची, आणि नंतर डबिंग स्टुडिओतल्या मित्राकडून कोणा बाईच्या आवाजात ती भरून घ्यायची.

शांत जागा हवी म्हणून बरकतपुऱ्यात आमच्या मराठी मंडळाचा छोटा हॉल आहे तिथे गेलो. सेक्रेटरी दबीरकाकांकडे किल्ली असते. पंच्याहत्तरी ओलांडलेले, पण जीभ अजून तरणी.

"काय रे, आता कुठल्या भिंतीवर लागणार?" किल्ली देता देता म्हणाले.

दुपारची वेळ. मे महिना. दार आतून लावून घेतलं, आवाज नको म्हणून पंखे बंद केले, खिडक्याही लावल्या. स्टेजवर मागे निळी चादर टांगली, समोर ट्रायपॉडवर मोबाइल. बोलताना नजर कुठेतरी ठरायला हवी, म्हणून विंगेत पडलेलं एक लाकडी स्टूल ओढून कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवलं. ही आपली मुलगी असं मनाशी म्हटलं. स्क्रिप्टची दोन पानं हातात असती तर मी डोकावलो असतो. म्हणून तीही त्याच स्टुलावर ठेवून दिली.

आणि केला सीन. स्टुलाकडे बघून बोलायचो, मग मुलीचं वाक्य मनात म्हणायचो, मग माझं पुढचं. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. एका जागी तर पार पाटी कोरी झाली. मुलगी म्हणते, "आता कशाला आलात?" त्यावर माझं वाक्य काही केल्या आठवेना. स्टुलाकडे बघत राहिलो... बघत राहिलो... आणि आलं की हो एकदम! "घराची किल्ली अजून तुझ्या खिळ्यालाच आहे." ओळीने पुढचं सगळं आलं. सीन संपला तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, आणि मी तर स्वतःच्या अभिनयाने सहसा रडत नाही, इतर रडतात.

पानं उचलली तेव्हा दुसरं पान वर होतं. मी पहिलं वर ठेवलं होतं असं वाटलं. पण माझ्या वाटण्यावर कोण भरवसा ठेवणार? मी ठेवला नाही.

तेवढ्यात लक्षात आलं, टेप पाठवायची मुदत संध्याकाळचीच आहे. घाईघाईत तिथेच बसून पाठवून दिली. एकदा लावून बघायचंही सुचलं नाही. घरी आलो, जेवायला बसलो, आणि वरण-भाताच्या पहिल्याच घासाला आठवलं.

"मंजिरी... मोकळ्या जागा!"

"कसल्या?"

सांगितलं. तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला. म्हणाली, "शुक्रवारी मेल लिहायला मी बसते तुझ्याबरोबर." तिच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं.

सोमवारी फोन आला. कास्टिंग बघणाऱ्या तबस्सुम मॅडम स्वतः.

"टेप देखे आपका. अच्छा है जी. बुधवार कू आफिस आव. और सुनो, वो रीडर कौन हैं? बडी उमर के लगरे. उनकू भी लेके आव."

मला वाटलं, टोमणा मारतायत. मी कसनुसा हसलो. म्हटलं, "मॅडम, वो... रह गया मेरेसे."

"क्या रह गया? इत्ता साफ पढे. अ‍ॅक्टिंग नई करते, बस पढते. ऐसे रीडर नई मिलते आजकल."

फोन ठेवला आणि पहिल्यांदा ती टेप लावली. मंजिरी शेजारी होती.

मी बोललो. आणि मोकळी जागा आली. आणि त्या जागेत एक बाई बोलली.

म्हातारा आवाज, स्वच्छ, एका सुरात. घोगरा नाही, घुमणारा नाही, सिनेमातल्या भुतासारखा तर मुळीच नाही. मुलीची वाक्यं ती नुसती वाचत होती. प्रत्येक मोकळ्या जागेत. मी थोडं लवकर बोललो तिथे तिचा शेवटचा शब्द माझ्या आवाजाखाली गेला होता. मग ती कोरी पाटी आली. "आता कशाला आलात?" असं तिने वाचलं. मी गप्प. पडद्यावर माझा बावळट चेहरा. आणि मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "घराची किल्ली..."

एवढंच. दोन शब्द. आणि पडद्यावरचा मी म्हणतोय, "घराची किल्ली अजून तुझ्या खिळ्यालाच आहे."

मी शपथेवर सांगतो, त्या हॉलमध्ये मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

मंजिरीने माझा दंड धरला होता. "कोण होतं तुझ्याबरोबर?"

"कोणी नाही."

"खरं सांग."

"अगं, दार आतून लावलं होतं मी."

तिने पुन्हा लावली. पुन्हा तेच. भर दुपारी आमच्या दोघांच्या अंगावर काटा, आणि बाहेर भाजीवाला "टमाटा, टमाटा" करतोय.

तसाच दबीरकाकांकडे गेलो. त्यांनी कानाला मोबाइल लावला. अर्ध्यावर मोबाइल खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही कुमुद आहे," म्हणाले.

कुमुदमावशी माझी सख्खी मावशी नव्हे, सगळ्या मंडळाची मावशी. तारनाक्याला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करून संध्याकाळी तालमीला यायची. मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांना वर्षानुवर्षं तीच प्रॉम्प्टर. विंगेत बसून, विसरलेल्या नटाला वाक्य द्यायची. तिची एक पद्धत होती: फक्त पहिले दोन शब्द द्यायची. तिसरा मागितला तरी नाही. म्हणायची, पुढचं तुझं तू आण, नाहीतर माझं नाटक होईल. त्या नाटकांत मलाही तिने किती दोन-दोन शब्द दिलेत याला गणती नाही, पण तेही कुजबुजून, म्हणून टेपमधला मोकळा आवाज मी ओळखला नव्हता. कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेली. पोचवायलाही कोणाला जाता आलं नव्हतं.

"लेका, ते एआय-बीआय तर केलं नाहीस?" काकांनी विचारलं.

"काका, त्याला तिचा आवाज तर हवा ना कुठेतरी!"

 तिचा आवाज कुठेच नव्हता. नाटकांचं रेकॉर्डिंग व्हायचं तेव्हा प्रॉम्प्टरचा आवाज माईकमध्ये येऊ नये याचीच सगळ्यात जास्त काळजी. तो न येणं हेच तिचं काम.

"कुठे बसली होती?" काकांनी विचारलं. जणू काही मी पाहिलंच होतं! मी म्हटलं, कोणी बसलं नव्हतं, कॅमेऱ्याशेजारी एक रिकामं स्टूल होतं, विंगेतलं.

"हं," म्हणाले. "तिचंच ते."

बुधवारी ऑफिसात गेलो. मॅडमनी विचारलं, "मौसी किधर हैं?" मी म्हटलं, तब्येत ठीक नाही. याहून जवळचं खरं मला सुचलं नाही.

त्यांनी एक हुशार मुलगी समोर बसवली. तिने असं वाचलं की कोणीही रडलं असतं. मी मात्र लाकूड. मॅडमनी मध्येच थांबवलं.

"आप अपने लाइन का इंतजार कररे. टेप में आप सुनरे थे."

 ऐकू तर काही आलंच नव्हतं मला! पण पडद्यावरचा माझा चेहरा आठवला... खरंच, तो माणूस ऐकत होता. दोन दिवसांवर शुक्रवार होता. मी म्हटलं, "मॅडम, एक बार खाली कुर्सी के साथ करूँ? कोई नक्को बोलो बीच में."

त्या हौ म्हणाल्या. मुलगी उठली. मी रिकाम्या खुर्चीसमोर सीन सुरू केला आणि कान देऊन बसलो. कोणी काही बोललं नाही. आणि किल्लीच्या वाक्यापाशी पाटी पुन्हा कोरी! मी थांबलो. त्या शांततेत एसीचा आवाज तेवढा. मी मनात म्हणत होतो, मावशी, दोन शब्द... अगं, एक तरी. कुठूनही काही आलं नाही. मला इतकं एकटं वाटलं की काय सांगू. आणि मग वाक्य आलं. आपलं आपण आलं, की कोणी दिलं, देव जाणे. माझा आवाज फुटला होता.

सीन संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "येइच होना मेरेकू."

भूमिका मिळाली. फार मोठी नाही, पण माणसाची आहे. शुक्रवारी कंपनीला मेल मंजिरीनेच लिहिला, नकाराचा, आणि मला बजावलं की एक वर्ष, वर एक दिवस नाही.

डबिंगवाल्या मित्राने ती टेप उलटसुलट तपासली. म्हणाला, एकच माईक, एकच खोली, मागाहून जोडलेलं काही नाही. मीच भ्रमात बाईच्या आवाजात बोललो असेन, असं मी सुचवून पाहिलं. तो म्हणाला, दोन ठिकाणी दोघं एकदम बोलताय, तुला तोंडं किती? नंतर त्या हॉलमध्ये मी तसाच एकटा, त्याच वेळी, पंखे बंद करून पुन्हा रेकॉर्डिंग केलं. एकदा नाही, अनेकदा. मोकळ्या जागा मोकळ्याच राहिल्या.  तुमच्यापैकी कोणाकडे याचं उत्तर असेल तर सांगा, मी आता हसणार नाही.

काम पक्कं झालं त्या दिवशी पेढे घेऊन दबीरकाकांकडे गेलो. वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "काका, कुमुदमावशीचा आशीर्वाद बघा कसा आला."

काकांनी पेढा तोंडात टाकला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "आशीर्वाद कसला, गाढवा? बिचारी सुटली म्हणून आम्ही समाधान मानलं होतं... तू तिला मेल्यावर कामाला बोलावलंस. आता तरी पाठांतर कर!"